पुठ्ठ्याची पाठ

गिटार करवून घेणारा हौशी माणूस सगळा जीव पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडात अडकवून बसतो. शिसवी लाकूड दिसतंच तसं देखणं. ब्राझीलचं शिसव मिळेनासं झाल्यावर अमेरिकेतली मार्टिन ही गिटार कंपनी १९६९ मध्ये आपल्या भारतीय शिसवाकडे वळली, याचा आपल्याला अभिमानही वाटतो. पण स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेस या गिटार-कारागिराने १८६२ मध्येच पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या होत्या! वरची फळी मात्र त्याने चांगल्या स्प्रूस लाकडाची घेतली. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. खरा बोलतो तो हा वरचा, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा तक्ता. तो निवडताना रेषा सरळ आहेत का ते बघावं, उजेडात तिरका धरावा. रेषांना आडवे रेशमी पट्टे चमकले, तर खोड नीट त्रिज्येच्या दिशेने चिरलंय. मग कडेला चिमटीत लोंबता धरून बोटाच्या पेराने टकटक करावं. नाद रेंगाळला तर ठीक, नुसतं ‘भद्द’ वाजलं तर फळी परत ठेवावी, दुकानदार काहीही सांगो. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये फक्त पाठ-बाजूंचं लाकूड वेगळं असलेल्या सहा गिटारी वादकांना न दाखवता वाजवायला दिल्या. आवाजावरून महाग-स्वस्त लाकूड ओळखणं त्यांना जवळपास जमलंच नाही. दुकानातले भाव मात्र अजून पाठीवरूनच ठरतात.