यंदा संघ कुठवर जाईल?

हिंजवडीला लागूनच असलेल्या मारुंजीत कॉलेजचा फुटबॉल संघ यंदा किती मजल मारेल? आम्हाला अडचण पोरांच्या पायांत दिसत नाही, वेळेत दिसते. प्रवेश होतात, घाईने निवड होते आणि अकरा जणांचा सूर जुळेपर्यंत सेमिस्टरची परीक्षा येते! २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, तोही लहान वयापासूनच्या सरावाने. दोन महिन्यांत तसे काही होत नाही. तरीही पहिली फेरी ओलांडणे शक्य आहे. पहाटे तासभर मैदान हवे, आणि फजरला उठणाऱ्या घरांतल्या पोरांना ते जड नाही. अम्मी-अब्बांनी मात्र ‘आधी पेपर’ म्हणत बूट लपवू नयेत.