साका आणि रिकामी खुर्ची

हापूस आंबा वासानें घमघमणारा असावा आणि कापतांच आंत साका निघावा, हा अनुभव नसलेलें घर आमच्या वाचकवर्गांत क्वचितच सांपडेल. वडील मंडळी अशा वेळीं आंबेवाल्यास बोल लावतात. पण अपराध त्याचा नव्हे, दोष हापुसाच्या जातीचाच आहे. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रानें नीलम व हापूस यांच्या संकरांतून 'रत्ना' ही साका न धरणारी जात काढली आणि १९८१ सालीं ती बागाईतदारांच्या हातीं दिली. हें काम एका हंगामाचें नव्हे. मोहोरावर हातानें पराग घालावा, शेंकडों फुलांतून एखादें फळ धरावें, त्याची कोय रुजवावी, झाड फळावर येईपर्यंत वर्षें मोजावीं, आणि मग कित्येक हंगाम फळ चाखून पाहावें. एकानें लाविलें तें दुसऱ्यानें पाहावयाचें. म्हणून मधली खुर्ची रिकामी राहिली कीं सारें फुकट!

या देशांत अशा कामाचा पाया परक्याच्या देणगीवर घातला गेला, हें सांगतांना संकोच वाटतो. १९०५ सालीं पुसा येथें निघालेल्या संस्थेस हेन्री फिप्स या अमेरिकन धनिकाचें द्रव्य लाभलें. १९३४ च्या भूकंपानें ती इमारत पडली व १९३६ त संस्था दिल्लीस आली. मध्यंतरीं, १९२९ सालीं, संशोधनाची मध्यवर्ती परिषदही स्थापन झाली होती. आतां पैसा आपला आहे. २०२४-२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकांत कृषिसंशोधन व शिक्षण यांस मिळून ९,९४१ कोटि रुपये, आणि खतांच्या अनुदानास सुमारें १ लक्ष ६४ हजार कोटि ठेविले होते. खत स्वस्त मिळावें, याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु संशोधनाच्या वांट्याचाही मोठा भाग वेतनांतच जातो, हें ध्यानीं घेतल्यास प्रयोगास काय उरतें तें उघड आहे.

आणि वेतन द्यावयाचें तर माणूस तरी हवा! राहुरी, अकोला, परभणी व दापोली या आपल्या चारही कृषिविद्यापीठांत शास्त्रज्ञांच्या कित्येक जागा वर्षानुवर्षें रिकाम्या राहत आल्या आहेत. घरांतला कृषिपदवीधर मुलगा स्पर्धापरीक्षेचीं पुस्तकें घेऊन बसतो, तेव्हां त्यास बोलावयास आमची जीभ रेटत नाहीं. संशोधकाची जागा कधीं भरणार, हें त्यास कोण सांगणार?