मतदार म्हणजे गोदामातील माल नव्हे

निवडणुकीचे पडघम वाजू लागले की पक्षकार्यालयांत मतदानाच्या टक्केवारीची भाकिते फिरू लागतात. पूर्वी भविष्यासाठी पंचांग उघडीत, आता संगणक उघडतात. या भाकितांमागे पुष्कळदा ‘एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग’ नावाची रीत असते. ती समजून घेतल्याखेरीज तिच्यापुढे मान तुकवणे कार्यकर्त्याला शोभत नाही.

रीत सोपी आहे. गेल्या निवडणुकीचा प्रत्यक्ष आकडा आणि त्या वेळचे भाकीत यांना ठरावीक वजन देऊन बेरीज करायची. वजन निम्मे धरले तर गेल्या निवडणुकीचा प्रभाव 50 टक्के, तिच्या आधीचीचा 25, त्याही आधीचीचा साडेबारा. अमेरिकेत 1950 च्या दशकात रॉबर्ट ब्राऊन यांनी ही पद्धत मालसाठ्याच्या नियंत्रणासाठी मांडली. गोदामात पुढील महिन्यात किती माल लागेल, हे सांगण्यास ती उत्तम. पण मालाला मन नसते, आणि त्याचे नाव यादीतून कोणी वगळीत नाही.

बिहार विधानसभेचेच पाहा. 2010 मध्ये मतदान सुमारे 52.7 टक्के, 2015 मध्ये 56.9, 2020 मध्ये 57.3. निम्म्या वजनाने 2025 चे भाकीत येते 56 टक्के. चढाचा हिशेब मिळवला तरी आकडा साठ-बासष्टाच्या घरात थांबतो. प्रत्यक्षात मतदान झाले सुमारे 67 टक्के! स्त्रियांनी पुरुषांना जवळजवळ 9 टक्क्यांनी मागे टाकले. ही उसळी जुन्या आकड्यांच्या पोटात कोठेच नव्हती.

परंतु या 67 टक्क्यांनीही हुरळून जाऊ नये. टक्केवारी म्हणजे भागाकार. वर मते, खाली यादी. जून 2025 मध्ये बिहारच्या यादीत सुमारे 7.89 कोटी नावे होती. फेरतपासणीनंतर सप्टेंबरअखेर 7.42 कोटी उरली. मते पडली सुमारे 5 कोटी. जुनी यादी कायम असती तर हीच मते 63 टक्क्यांच्या घरात भरली असती. म्हणजे पाऊण कोटी मते खरोखर वाढली, आणि त्याचबरोबर खालचा आकडाही घटला. नावे वगळण्याची कारणे मृत्यू, दुबार नोंद आणि स्थलांतर अशी सांगण्यात आली. पण स्थलांतर करतो कोण? पोटासाठी गाव सोडणारा मजूर. भाकीत करणारे यंत्र त्याला उत्साही मतदारही म्हणत नाही आणि वंचितही म्हणत नाही. ते त्याला मोजतच नाही.

खरा धोका पुढेच आहे. ‘या वस्तीत मतदान कमीच होते’ असे भाकीत हाती आले की आपण तेथे कार्यकर्ते पाठवीत नाही. कोणी गेले नाही म्हणून मतदान कमी होते, आणि भाकीत खरे ठरले म्हणून यंत्राची पाठ थोपटली जाते! बीडचा ऊसतोड मजूर कोयता घेऊन फडावर जातो. त्याचे नाव मात्र गावच्या यादीत राहते. त्याच्या गैरहजेरीला सवय म्हणणे ही शुद्ध थट्टा आहे.

केंद्रे किती, वाहने किती, हे ठरवण्यास गणित जरूर वापरा. पण कोणत्या वस्तीत जायचे, हे त्याला विचारू नका. डॉ. लोहियांनी कार्यकर्त्याला तुरुंग, फावडे आणि मत ही तीन साधने सांगितली. त्यांत भाकीत नव्हते. या आठवड्यात आपल्या भागाची मतदारयादी हाती घ्या, घरोघर जा, गळालेले नाव शोधा आणि अर्ज भरून घ्या. टक्केवारी सांगणारे पुष्कळ आहेत. ती बदलणारे हवे आहेत.