पाण्यातले नाणे कोणाचे?

चैत्र-वैशाखात नाथसागराचे पाणी मागे हटू लागते. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते ज्या जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी ज्याचे उद्घाटन केले, त्या धरणाने शंभराहून अधिक गावे आपल्या पोटात घेतली आहेत. २०१६ आणि २०१९ च्या टंचाईत तर मृतसाठ्यालाच हात घालावा लागला होता. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेरीसाठी शेतकरी उतरतो. त्याच्या मागोमाग आता दुसराही एक मनुष्य उतरेल, अशी चिन्हे आहेत. त्याच्या हाती नांगर नसेल. मेटल डिटेक्टर म्हणजे धातुशोधक यंत्र असेल.

ही भीती कल्पनेतली नाही. मार्च २०२५ मध्ये खानदेशाच्या सीमेला लागून असलेल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगडाच्या पायथ्याशी, एका चित्रपटामुळे मोगलकालीन सोन्याच्या मोहरांची आवई उठली आणि आसपासच्या गावांतील माणसे रात्री विजेऱ्या, चाळण्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन शेते उकरू लागली. जे यंत्र एके काळी केवळ सैन्याच्या सुरुंगशोधक पथकापाशी असे, ते आज काही हजार रुपयांत घरपोच मिळते. त्यातील काही नमुने तर पाण्यात बुडवूनही चालतात. असीरगडाच्या शेतांत जे घडले, ते पैठणच्या परिसरात गुडघाभर पाण्यात घडणार नाही, असे मानण्यास काही आधार नाही.

यंत्राची करामत साधी आहे. तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यात सूक्ष्म प्रवाह खेळू लागतात आणि त्यांची चाहूल यंत्राला लागते. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असे यंत्र वापरून पाहिले होते. गोळी मात्र सापडली नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे तेथे यंत्राचा गोंधळ उडतो. गोड्या पाण्यात तो त्रास फारसा नाही. म्हणूनच युरोप-अमेरिकेत तळ्यांच्या काठी, कमरेइतक्या पाण्यात उभे राहून, स्नानार्थींच्या गळून पडलेल्या अंगठ्या आणि नाणी शोधण्याचा छंद चांगला रुजला आहे. आपल्या दख्खनी काळ्या मातीत लोहखनिजांचे कण असल्याने यंत्र पुष्कळदा उगाच ओरडते, आणि नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपलीकडे सहसा कळत नाही. तरीही वीतभर खोली पुष्कळ झाली.

आपल्याकडे तळ्याकाठच्या सहलींची ती रीत नाही. आपल्याकडे घाट आहेत. पैठणच्या नागघाटावर नाथषष्ठीला लाखो वारकरी येतात, नाशिकच्या रामकुंडावर तर बारमाही गर्दी असते. येथे माणूस मौजेसाठी नव्हे, पुण्यासाठी पाण्यात उतरतो. त्यामुळे आपल्या पाण्यातले धन एका जातीचे नाही. त्याचे तीन प्रकार पाडावे लागतात, आणि आपल्या सार्वजनिक चर्चेत नेमकी हीच गल्लत होते.

पहिला प्रकार अर्पण केलेल्या धनाचा. गोदामाईला वाहिलेले नाणे वाहणाऱ्याने स्वखुशीने सोडलेले असते; त्यावर त्याचा हक्क उरत नाही. घाटावरची पोरे दोरीला चुंबक बांधून ते काढतात. एक-दोन रुपयांची पोलादी नाणी चुंबकाला चिकटतात. जुनी तांबे-निकेलची आणि आजची दहा रुपयांची नाणी चिकटत नाहीत, त्यांच्यासाठी बुडी मारावी लागते. सराफकट्ट्याची धूळ धुऊन सोन्याचे कण वेचणाऱ्या झारेकऱ्याचाच हा जातभाई. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर चलनातून बाहेर पडलेला पैसा तो पुन्हा चलनात आणतो. समाजाचे यात काही नुकसान नाही. झालाच तर थोडा लाभच आहे. अशा मुलाला हुसकावून लावण्यात प्रशासनाने शक्ती खर्च करू नये. वाळूउपशाने पडलेल्या खड्ड्यांत तो बुडू नये, एवढी काळजी मात्र घ्यावी.

दुसरा प्रकार हरवलेल्या धनाचा. स्नान करताना बोटातून निसटलेली अंगठी किंवा गळ्यातून तुटलेले मंगळसूत्र पाण्यात पडल्याने बेवारस होत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने सापडलेली वस्तू जपण्याची जबाबदारी सापडणाऱ्यावर टाकली आहे. मालकाने जाहीर केलेले बक्षीस मिळेपर्यंत ती स्वतःपाशी ठेवण्याचा आणि त्या बक्षिसासाठी दावा लावण्याचा अधिकारही त्याला दिला आहे. मालक ठाऊक असताना, अथवा शोधणे शक्य असताना, वस्तू गिळंकृत करणे हा फौजदारी गुन्हा आहे. भारतीय दंड संहितेत तो होता, १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. येथे नवा कायदा नको. घाटावर एक नोंदवही आणि ती ठेवणारा एक जबाबदार कर्मचारी असला, की पुष्कळ काम होईल. यंत्राचा उपयोग या कामी झाला तर तो स्वागतार्हच होय.

खरा प्रश्न तिसऱ्या प्रकाराचा, म्हणजे पूर्वजांनी पुरून ठेवलेल्या किंवा काळाने गाडलेल्या धनाचा आहे. पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याच्या वृत्तांतात, ‘पेरिप्लस’मध्ये, भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवरची पेठ म्हणून त्याचा उल्लेख येतो. या मातीत सातवाहनांची शिशाची आणि मिश्रधातूंची नाणी मिळतात. भंगाराच्या तराजूत त्यांना काही मोल नाही. इतिहासाच्या तराजूत ते फार मोठे आहे. परंतु हे मोल नाण्यात जेवढे असते, तेवढेच ते कोठे, किती खोल आणि कशाच्या सोबतीने मिळाले यातही असते. यंत्राला धातू कळतो, संदर्भ कळत नाही.

हे केवळ पंडिती बोलणे वाटू नये म्हणून गोदाखोऱ्यातीलच दोन उदाहरणे देतो. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. त्यातील दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. क्षहरातांचा वंश त्याने उखडून टाकला, असे नाशिकच्या लेण्यातील शिलालेख सांगतो. या साठ्याने त्या शब्दांना धातूची साक्ष दिली. हीच नाणी सुटी सुटी सराफाच्या मुशीत गेली असती, तर तोळ्यामाशांनी चांदी वाढली असती आणि राज्यांतराची एवढी मोठी साक्ष नाहीशी झाली असती.

दुसरे उदाहरण दायमाबादचे. १९७४ साली प्रवरेच्या काठी एका ग्रामस्थाला खणताना ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक भरते. वस्तू अनमोल, पण त्या शास्त्रीय उत्खननात, मातीच्या नोंदलेल्या थरात मिळाल्या नाहीत. परिणामी त्यांच्या काळाबद्दल तज्ज्ञांत मतभेद झाले. वस्तू वाचली तरी तिचे वय वादात सापडते, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

आता कायद्याकडे वळू. पुरलेल्या धनाबाबत आपल्याकडे चालू असलेला कायदा १८७८ चा, म्हणजे बेल यांच्या प्रयोगाच्याही तीन वर्षे आधीचा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. न कळविल्यास हिस्सा जप्त आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड अथवा दोन्ही, असे तो सांगतो. १८७८ साली दहा रुपये ही लहान रक्कम नव्हती. आज त्यात एक कप चहा येतो. मालक व सापडणारा यांच्यात करार नसल्यास तीन-चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याला देण्याची उदारता या कायद्यात आहे, पण तो वाटा मिळेपर्यंतची वाट लांबची असते. धन सरकारने घ्यावयाचे ठरविल्यास धातूची किंमत आणि तिच्यावर एक-पंचमांश अधिक, एवढाच मोबदला आहे. शिशाच्या सातवाहन नाण्याचा या हिशेबाने किती मोबदला होईल, याचा वाचकांनीच विचार करावा.

गरीब माणसासमोर याने कोणता व्यवहार उभा राहतो? कळवले तर कागदपत्रे, चौकशी, पोलिसांचा संशय आणि महिन्यांची प्रतीक्षा. गुपचूप विकले तर त्याच संध्याकाळी रोख पैसे. प्रामाणिकपणा महाग आणि चोरी स्वस्त ठेवणारी व्यवस्था उपदेशाने सुधारत नसते. विकणाऱ्याच्या पदरी पडणारी रक्कम क्षुल्लक आणि समाजाचे नुकसान कधीही न भरून येणारे, अशी ही विषम वजाबाकी आहे. कौटिल्याला हे उमगले होते. निधीची खबर देणाऱ्याला सहावा हिस्सा द्यावा, असे त्याने सांगून ठेवले आहे. इंग्लंडने १९९६ साली कायदा बदलला आणि १९९७ पासून सामान्य नागरिकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद करण्याची योजना सुरू केली. तिच्यात आजवर पंधरा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या. संरक्षित स्थळांवर परवानगीवाचून यंत्र चालविणे मात्र तेथेही गुन्हाच आहे.

सरसकट बंदी घालावी, असे काही अभ्यासक म्हणतील. त्यांची चिंता रास्त आहे, तथापि उपाय अपुरा आहे. जलाशयाची पातळी दरसाल वरखाली होते, लाटा काठची माती धुऊन नेतात आणि शतकानुशतके गाडलेल्या वस्तू आपोआप उघड्या पडतात. त्या कोणी उचलल्या नाहीत तरी वाचतीलच असे नाही. शिवाय मराठवाड्याचा अनुभव काय सांगतो? तेरचे रामलिंगप्पा लामतुरे आणि पैठणचे बाळासाहेब पाटील हे काही सरकारी उत्खनक नव्हते. त्यांनी निष्ठेने जमविलेल्या वस्तूंवरच त्या दोन गावांची शासकीय वस्तुसंग्रहालये उभी राहिली. नागरिक हा वारशाचा शत्रू नव्हे; त्याला शत्रू ठरविणारा कायदाच त्याला शत्रू बनवितो.

तेव्हा करावयाचे काय? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार नदी-तलावांचे तळ राज्य शासनाच्या मालकीचे आहेत. म्हणून जबाबदारीही शासनाचीच. जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्यही आहे. तेथे आणि पुरातत्त्वीय स्थळांच्या परिसरात हौशी यंत्रांना स्पष्ट मज्जाव असावा व यंत्रविक्रीची नोंद व्हावी. दुसरे, पाणी ओसरण्याच्या महिन्यांत पैठणचे संग्रहालय आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा इतिहास विभाग यांनी मिळून काठच्या गावांत नोंदणी केंद्रे चालवावीत. तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, वस्तू न हलवता जागेवरच दाखविणाऱ्या शेतकऱ्याला अथवा कोळ्याला पूर्ण पारितोषिक, उकरून आणणाऱ्याला त्याहून बरेच कमी, आणि मनाई असलेल्या भागात यंत्र घेऊन शिरणाऱ्याला काहीच नाही, असा चढउतार ठेवावा. पैसा धातूचा नव्हे, माहितीचा द्यावा. पारितोषिकाने उकराउकरीला उत्तेजन मिळेल, या आक्षेपाचे उत्तर या चढउतारातच आहे.

हे करताना एका गोष्टीचा विसर पडू नये. यंत्र घेतलेला एखादा हौशी तरुण वीतभर माती उकरतो. वाळूचा अवैध उपसा करणारी यंत्रे गोदेचा काठ थरांसकट उचलून नेतात, आणि त्या वाळूत काय गेले याची नोंद कोणीच ठेवत नाही. चुंबकवाल्या पोराची कॉलर धरणारा हात जर वाळूच्या ट्रकपुढे थरथरत असेल, तर वारसा जपण्याच्या साऱ्या गोष्टी व्यर्थ आहेत.

धरणासाठी ज्यांची गावे गेली, त्यांनी घरे दिली, शेते दिली, देवळे दिली. त्या जमिनीखाली आणखी एक ठेव राहिली आहे आणि ती साऱ्या मराठवाड्याची आहे. तिचा हिशेब ठेवण्याचे काम शासनाने पुढच्या उन्हाळ्यापूर्वी हाती घ्यावे.