भूतदया आणि घराचे कुलूप

संत नामदेवांची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. ही गोष्ट ऐकताना आपले मन भरून येते. पण ते कुत्रे रात्री कोठे झोपले, दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे कोणी पाहिले, असे आपण कधी विचारत नाही. दयेचा क्षण आपल्याला आवडतो, दयेचा दिनक्रम नकोसा वाटतो.

गेल्या पावसाळ्यात मीही अशीच धावले. कॉलेजमधून कामावर जाताना दुचाकीच्या धक्क्याने लंगडणारे एक पिल्लू रस्त्याच्या कडेला दिसले. दीड-दोन महिन्यांचे असेल. ओढणीत गुंडाळून ते घरी आणले. मैत्रिणींनी कौतुक केले आणि मलाही आपण काही मोठे केले असे वाटले.

आमच्या घराला सकाळी सातला कुलूप लागते. वडील गवंडीकामावर, आई चार घरची कामे करायला, भाऊ शाळेत, मी कॉलेजात आणि तेथून परस्पर दुकानात. दुकान सुटते रात्री नऊला. भाऊ साडेपाचला येतो, म्हणजे घर साडेदहा तास बंद. पिल्लाला खिडकीच्या गजाला बांधून, पुढ्यात पाणी आणि दूधभाकरी ठेवून आम्ही निघत असू. दहा-बारा दिवसांनी शेजारच्या आजींनी मला जिन्यात अडवले. म्हणाल्या, "पोरी, तुझं पिल्लू सकाळी रडायला लागतं, ते दुपारी घसा बसला की थांबतं. रस्त्यावर होतं तेव्हा त्याच्यासोबत चार पिल्लं तरी होती गं." मला उत्तर सुचले नाही. वाहनाखालून काढून मी त्याला दोरीला बांधले होते, एवढेच खरे.

पुढे वाचनात आले की याबाबत आपला कायदाही मुका नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा मारहाणीपुरता नाही. कुत्रे नेहमी साखळीला बांधून किंवा कोंडून ठेवायचे आणि त्याला पुरेसे फिरवायचे नाही, हीसुद्धा त्याच्या ११ व्या कलमात क्रूरताच ठरवली आहे. म्हणजे मी काठी न उचलताच त्या कलमाच्या जवळ जाऊन पोहोचले होते!

मग दिवसभर बाहेर काम करणाऱ्याने कुत्रे पाळूच नये काय? आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक सहज म्हणून गेले, "हे शौक घरी नोकर असणाऱ्यांचे." हे मत मला मुळीच मान्य नाही. भूतदया जर रिकामा वेळ असणाऱ्यांचीच मिरास ठरली, तर कष्टकऱ्याच्या घरी तिने यायचेच नाही असा त्याचा अर्थ होईल. पण आपल्याजवळ तास किती, हे आधी मोजले पाहिजे. मन मोठे असले म्हणून दिवस मोठा होत नाही.

दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागते. दर दोन-तीन तासांनी त्याला बाहेर न्यावे लागते. सुरुवातीच्या लसी ठरलेल्या अंतराने द्याव्या लागतात. तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस, मग तिची पुनर्मात्रा. बंद घरात हे जमणे शक्य नाही. मोठ्या कुत्र्याचे तसे नाही. ते निम्मा दिवस झोपूनच काढते. सकाळी नीट फिरवून आणले, घरात मोकळे सोडले आणि दुपारी कोणीतरी एकदा दार उघडले, तर ते संध्याकाळची वाट पाहू शकते. तेही पहिल्या दिवशीच नव्हे. आधी दहा मिनिटे, मग तासभर, असे एकटे राहण्याची सवय त्याला लावावी लागते. म्हणून नोकरी करणाऱ्याने गोंडस पिल्लापेक्षा मोठे, शांत कुत्रे घ्यावे, असे माझे मत आहे. दुर्दैवाने लोक पिल्लेच मागतात आणि मोठी कुत्री मागे राहतात.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांविषयी आदेश देताना सर्वोच्च न्यायालयाने प्राणिप्रेमींना ती दत्तक घेण्याची मुभा दिली. पण ते कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याचीच, असेही बजावले. बाकी वादात कोणाचे काय मत असेल ते असो, ही अट मला न्याय्य वाटते. हौस फिटली की सोडून दिलेले कुत्रे हे न आणलेल्या कुत्र्यापेक्षा अधिक दुःखी असते.

आमच्या आजोळी कुत्रे होते, पण ते अमक्या एकाचे नव्हते. ओसरीवर सदैव कोणी ना कोणी असे आणि दाराला कुलूप माहीत नव्हते. ते दिवस आता आणता येणार नाहीत. पण शेजार अजून शिल्लक आहे. मी आजींपुढे गेले आणि पिल्लाला दिवसा तुमच्याकडे ठेवाल का, असे विचारले. त्या म्हणाल्या, "ठेवीन, पण घाण तू काढायची." करार झाला. लसीचा व खाण्याचा खर्च माझ्या पगारातून, सकाळचे फिरवणे माझे, संध्याकाळचे भावाचे, दुपार आजींची. रविवारी त्यांचा व्हरांडा मी धुते.

आता ते चांगले मोठे झाले आहे. रात्री मी आले की शेपूट हलवते, पण भूक लागली की आजींच्याच दारात जाऊन बसते. प्रथम मला याचे वाईट वाटे, आता वाटत नाही. मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही एखादे कुत्रे घरी आणणार असाल तर जरूर आणा. फक्त त्याआधी एकदा आपल्या दाराच्या कुलपाकडे पाहा आणि ते किती वाजता लागते व किती वाजता निघते, हे कागदावर लिहून काढा. मधल्या तासांपुढे कोणाचे तरी नाव लिहिता आले, तरच त्या जिवाला हात लावा.