सगळे गेम एकाच माळेचे मणी नाहीत



आज मी व्हिडिओ गेम या विषयावर माझे मत मांडणार आहे. हा विषय निघाला की मोठी माणसे एकच वाक्य बोलतात, "मोबाईलचा नाद लई वाईट." मग गेम कोणता, तो कोणी केला, त्यात काय आहे, हे कोणी विचारीत नाही. पुस्तकाच्या बाबतीत असे होत नाही. मुलाच्या हातात पुस्तक दिसले तर ते कोणते आहे हे आपण आधी बघतो आणि मग बोलतो. गेमचेही तसेच बघावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपण मैदानावर लगोरी किंवा आट्यापाट्या खेळतो, तेव्हा डाव कधीतरी संपतो. अंधार पडला, चेंडू दिसेना, की घरी जावेच लागते. मोबाईलमधल्या पुष्कळ गेममध्ये अंधारच पडत नाही. एक डाव संपला की लगेच दुसरा उभा. उद्या आला नाहीत तर बक्षीस बुडेल, अशी वर धमकी! हे गेम फुकट मिळतात. मग करणाऱ्याचे पोट कशावर चालते? जाहिरातींवर, आणि खेळातल्या माणसाला नवे कपडे, नव्या बंदुका घ्यायला आपण जे पैसे भरतो त्यांवर. म्हणजे आपण थांबलो की त्याची कमाई थांबली. तो आपल्याला 'आता पुरे' असे कशाला सांगेल? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घातले आहे, तेव्हा पालकांची काळजी खोटी आहे असे मी म्हणत नाही.

पण दुसऱ्या जातीचे गेमही असतात, आणि त्यातला एक तर आपल्या पुणे शहरातच तयार झाला आहे. त्याचे नाव 'राजी'. नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या पुण्यातल्या एका लहानशा कंपनीने तो केला.

दिवाळीच्या सुट्टीत मी हडपसरला मामाकडे गेले होते. तिथे दादाच्या संगणकावर मी तो खेळले. दादाने एकदाच पैसे देऊन तो विकत घेतला होता. मध्ये जाहिरात नाही, 'अजून पैसे भरा' नाही. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. असुर तिच्या लहान भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. दुर्गामाता तिला त्रिशूळ देते. ती भिंतीवरून धावते, खांबाला धरून गरगर फिरते आणि असुरांना लोळवते. मला सर्वांत जास्त आवडले ते हे, की सुटका करणारी मुलगी आहे आणि सुटका व्हायची आहे ती मुलाची. (आमच्या वर्गातील मुलांनी हे वाक्य दोनदा वाचावे.) मध्येमध्ये गोष्ट सांगायला सावल्यांच्या बाहुल्या येतात. आपल्या सिंधुदुर्गात पिंगुळीला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात ना, तशा. भिंतींवर देवादिकांची चित्रे आहेत. चित्रापाशी थांबले की त्याची कथा ऐकू येते. आजी शेजारी जप करीत बसली होती, ती जप सोडून महिषासुराची गोष्ट सांगू लागली. गेम तसाच थांबवून आम्ही ती ऐकली. चार संध्याकाळी मिळून पाच-सहा तासांत गेम संपला. खरे सांगायचे तर शेवट मला घाईत उरकल्यासारखा वाटला. पण संपला, आणि आम्ही संगणक बंद करून बाहेर खेळायला गेलो.

हा गेम करणे सोपे नव्हते. २०१७ साली त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली. ठरवलेली रक्कम जमली नाही, म्हणून हाती काहीच आले नाही. ती काढणाऱ्यांपैकी श्रुती घोष यांनी या कामासाठी आपला फ्लॅट विकला. मी हे घरी सांगितले तेव्हा आई म्हणाली, "अगं बाई, खेळासाठी घर विकलं?" शेवटी १८ ऑगस्ट २०२० रोजी गेम बाहेर पडला, तो पहिल्यांदा निन्टेन्डो कंपनीच्या स्विच या यंत्रावर. गंमत अशी की ते यंत्र त्या वेळी कंपनीने आपल्या देशात अधिकृतपणे विकायला ठेवलेलेच नव्हते! म्हणजे पुण्यात पिकले आणि आधी परदेशात विकले. दोन महिन्यांनी तो संगणकावर आला. त्याच वर्षी जगातल्या मोठ्या गेम पुरस्कारांत, पहिलाच गेम काढणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या गटात, त्याला नामांकन मिळाले.

माझी एक तक्रार मात्र आहे. २०२२ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली, तीत हिंदी आवाज आले. मराठी नाहीत. पुण्यात जन्मलेली राजी आपल्या आजीशी मराठीत बोलत नाही, हे मला बरे वाटले नाही.

पुण्यातच दुसऱ्या एका कंपनीने 'इंडस' नावाचा गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये आणला. तो फोनवरचा, फुकट आणि लढाईचा. तो आपल्या गावातली दादामंडळीही खेळतात. शहर एकच, पण जात निराळी. म्हणूनच मी म्हणते, आधी गेमचे नाव विचारा.

सरकारसुद्धा सरसकट बंदी घालत नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी बंद झाला तो मुले बिघडतात म्हणून, असे पुष्कळांना वाटते. पण त्या दिवशी एकूण ११८ अ‍ॅप बंद झाली, आणि कारण दिले होते देशाची सुरक्षितता व लोकांची माहिती बाहेर जाण्याचे. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मान्यता आहे. पैसे लावून रमी खेळणाऱ्या मोठ्या माणसांनी हे जरा ध्यानात घ्यावे.

आमच्या घरी मी असे सुचवले आहे : शनिवारी सकाळची शाळा सुटली की एक तास, गेमला शेवट असला पाहिजे, पैसे मागणारा नको, आणि तो काय आहे हे बाबांनी आधी शेजारी बसून बघावे. आई तयार आहे. बाबा म्हणाले, "बघू." त्याला आता तीन शनिवार झाले.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी