‘पॅकिंगच तर आहे!’

आमच्या पारोळ्यात एप्रिल 2009 मध्ये फटाका कारखान्यात स्फोट झाला. डिसेंबर 2023 मध्ये पुण्याजवळ तळवड्याला वाढदिवसाच्या शोभेच्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली. गेल्या त्या बहुतेक बायकाच. तरी ‘पॅकिंगच तर आहे, त्यात काय शिकायचं?’ असं लोक म्हणतात, ते मला खटकतं. मित्रांनो, शोभेच्या दारूला नुसतं घर्षणही पुरतं. म्हणून लोखंडी नाही, पितळी किंवा लाकडी अवजार. नायलॉन नाही, सुती कपडा. आणि भरलेला माल शेजारी साचू द्यायचा नाही. रजिस्टरवर अंगठा घेऊन हे कसं कळणार? कोणीतरी शेजारी बसून, आपल्या बोलीत, करून दाखवायला पाहिजे. आणि नगावर मजुरी असली की हात घाई करणारच. शिकायचे दिवस तरी रोजावर द्या.